किल्ली कुणाच्या कमरेला?

मी एक जुने पितळी कुलूप आहे. आणि मित्रांनो, आरंभीच सांगून टाकते, माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका. कुलपाचा जन्मच मुळी संशयातून होतो. जिथे सगळ्यांचा सगळ्यांवर भरवसा असतो तिथे दाराला नुसती कडी पुरते.

माझ्या पाठीवर '७ लिव्हर' असे ठसठशीत कोरलेले आहे. लिव्हर म्हणजे किल्लीने उचलली जाणारी पितळेची पट्टी. पट्ट्या जितक्या जास्त तितके कुलूप पक्के. माझ्या पोटात पाचच आहेत. कारखान्यात सात कोरले, दुकानदाराने सात म्हणून विकले, घेणाऱ्याने सात म्हणून घेतले, आणि मी मूग गिळून गप्प बसले. तेव्हापासून कोरलेल्या, छापलेल्या आणि शिक्का मारलेल्या शब्दांवरचा माझा विश्वास उडाला तो कायमचाच.

मला विकत घेतले दत्ताराम तांडेल यांनी, मालवणच्या बाजारात, पन्नासेक वर्षांपूर्वी. तेव्हा ते तरुण होते आणि आमच्या पाटखोल वाडीच्या रापणीचे म्होरके होते. रापण तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. ते एक भलेमोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि मग सगळ्या वाडीने मिळून ओढायचे. ज्याने दोराला हात लावला त्याचा मासळीत वाटा. होडी कुणाची, घर कौलारू की झापांचे, हे कोणी विचारायचे नाही. दोर धरला की वाटा पक्का. हे जाळे किनाऱ्यावरच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपटात ठेवत आणि त्या मांगराच्या दाराला मी.

माझी किल्ली मात्र दत्तारामांच्या घरात राहात नसे. दर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून झाला की ती पुढच्या घरी जायची. वाडीत बत्तीस घरे, म्हणजे बत्तीस वर्षांनी एकेकाची पाळी. एकदा कोणी म्हणाले, "काकानू, कित्याक ही फिराफिर? तुमच्याचकडे ऱ्हवांदे." त्यावर दत्ताराम हसले नि म्हणाले, "किल्ली एका घरात मुरली काय मालकी मुरता. आज माका गोड लागतला, उद्या माझ्या पोराक आणखी गोड लागतला." मला हे बोलणे आवडले. माणूस स्वतःवरसुद्धा संशय घेतो म्हणजे तो माझ्या जातीचा.

पण ते दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांवरही माझा भरवसा नाही. रापण टाकायची की नाही हे सगळ्यांनी ठरवायचे, आणि सगळे म्हणजे बत्तीस तोंडे. एका सकाळी तारली माशांचा मोठा थवा किनाऱ्यालगत आला होता. पाणी नुसते चकाकत होते. आणि आमची मंडळी मांगराच्या दारात वाद घालत उभी राहिली. वारा कसा आहे, होडी कुणी न्यायची, गेल्या वेळी कोण उशिरा आला. वाद संपला तेव्हा तारल्या शेजारच्या गावाच्या जाळ्यात गेल्या होत्या. त्या दिवशी वाडीत कुणाच्याही चुलीवर तारल्यांचे तिखले शिजले नाही. सगळ्यांना विचारत बसण्याची ही अशी किंमत असते, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

पुढे तौक्ते वादळ आले. मांगराचे छप्पर उडाले, दार मोडून पडले आणि मी कडीला लटकत राहिले. जाळे दत्तारामांच्या पडवीत गेले. मला त्यांनी ग्रामपंचायतीला देऊन टाकले. "पंचायतीच्या कपाटाचा कुलूप गंजान गेला, ह्या घेवा. सात लिव्हराचा आसा," असे ते म्हणाले. मी पुन्हा गप्प बसले.

कपाटात गावाचे दप्तर होते. दाखले, नकाशे आणि ग्रामसभेच्या ठरावांची जाडजूड वही. मला वाटले, बढती झाली. ग्रामसेविका नम्रता मॅडम यांच्याकडे चार गावे, त्यामुळे त्या आठवड्यातून दोनच दिवस येत. म्हणून माझी किल्ली सरपंचाच्या जुडग्यात गेली आणि तिथेच राहिली. नारळी पौर्णिमा आली, गेली, पुन्हा आली. किल्ली काही फिरली नाही. कुणी विचारलेही नाही. पंचायत म्हणजे काही रापण नव्हे, असे लोकांना वाटले असावे.

सरपंच म्हणजे सुदेश. वीस वर्षे मुंबईच्या गोदीत नोकरी करून परतलेला. त्याला वाईट माणूस म्हणू नका. मी बराच प्रयत्न केला, मलाही जमले नाही. त्याच्या वडिलांची मासळी बर्फाअभावी टोपलीतच नासायची, मग मालवणचा व्यापारी देईल त्या भावाला ती द्यायची. हे बघत तो मोठा झाला. गावात बर्फाचा कारखाना यावा, होड्या लागायला जेटी व्हावी, हे त्याचे स्वप्न होते. कपाट उघडताना तो माझ्या अंगावरून हात फिरवी आणि म्हणे, "असलो माल आता मेळणा नाय." मी फुगून जाई. मित्रांनो, संशयी प्राण्याला गप्प करायचे असेल तर त्याचे कौतुक करावे, एवढे माझ्यावरून शिकून ठेवा.

आता आमच्या गावाची एक सवय सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यातून घडले. ग्रामसभेला आले की आधी वहीवर सही करायची. वरची जागा कोरी. ठराव नंतर लिहिला जाई. मंडळी घाईत असतात, कुणाची होडी लागायची असते, कुणाला मासळी घेऊन बस पकडायची असते. शिवाय रापणीत दोराला हात लावला की काम झाले, तिथे कोणी काही वाचायला सांगत नाही. लोकांनी सहीलाही दोरच समजले. हात लावला, म्हणजे आपला वाटा पक्का.

त्या वर्षी दोन ऑक्टोबरची ग्रामसभा अशीच झाली. सह्या झाल्या, चहा आणि बटाटेवडे झाले. सुदेश विकासावर थोडे बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे घरी गेले. वहीच्या त्या पानावर सतरावी सही होती किशोरीची. किशोरी ही मासळी विकणारी बाई. नवरा गेलेला, होडी नाही, जमीन नाही. रापणीचा दोर हेच तिचे शेत. वाट्याला येईल ती मासळी टोपलीत भरायची आणि मालवणच्या बाजारात बसायचे. दोर आहे तोवर तिला कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता.

आठ दिवसांनी, भर दुपारी, सुदेशने मला उघडले. नम्रता मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. त्याने वही त्यांच्यापुढे ठेवली आणि ठराव सांगू लागला. दक्षिणेकडच्या पुळणीवर, म्हणजे रापण ओढतात त्या वाळूवर, जेटी बांधणे आणि मागे बर्फाचा कारखाना उभारणे. सर्वानुमते मंजूर.

मॅडमनी पेन उचलले आणि थांबल्या. "सरपंच, कोरम भरला होता हे खरे. पण हा ठराव सभेत कोणी वाचला नाही."

सुदेश कार्यालयात साधारणपणे पुस्तकी मराठी बोलतो, पण तापला की त्याची जीभ घरी जाते. "मॅडम, वाचलो असतो तर वाचीतच ऱ्हवलो असतो. एका खांबासाठी हय तीन सभा लागतत. भायर देशांत बगा, हुकूम सुटलो काय बंदर उभा. थंय कोण कोणाक इचारीत बसता? आधी लोकांचा पोट भरूंदे. मगे इचारा किती व्हया तितक्यांक."

"आणि कोणी तक्रार केली तर?"

"कोण करतलो? बर्फ नको असा कोण म्हणतलो?"

मॅडमनी ठराव लिहिला. अक्षर सुंदर होते.

आधी पोट, मग प्रश्न. हे ऐकताना मला माझ्या पाठीवरचा सात आकडा आठवला. दूरच्या देशांत हुकुमाने बंदरे होत असतीलही, मी पाहिलेली नाहीत. पण त्या बंदरांखाली कुणाची पुळण गेली हे सांगायला तिथून कोणी आमच्या गावात आले नाही. येते ते फक्त बंदराचे चित्र. तरी मी त्याला खोटा म्हणायला कचरत होते, कारण त्या निसटलेल्या तारल्याही मी विसरले नव्हते.

वही आत गेली आणि मी टक करून बंद झाले. हा आवाज मला अजून टोचतो. पावसाळ्यात मी कितीतरी वेळा क्षुल्लक कारणाने अडकले आहे. त्या दुपारी अडकायला हवे होते. बाहेरच्या प्रत्येकावर डोळे वटारून बसणारी मी, किल्लीवाल्यासाठी मात्र लोण्यासारखी उघडले. कुलपाचा संशय नेहमी दाराबाहेर बघतो. किल्ली ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बघायची त्याला सवयच नसते.

जेटीची पाहणी आणि मंजुरी आधीच झालेली होती, अडला होता तो फक्त ठराव. नोव्हेंबरात पुळणीवर दगडांचे ट्रक आले. किशोरी तशीच, डोक्यावर टोपली घेऊन, पंचायतीत आली.

"मॅडम, थंय आमची रापण लागता. दगड कोणी टाकूक सांगल्यान?"

मॅडमनी वही उघडून सतरावी सही दाखवली. "ही तुमचीच ना?"

किशोरीने टोपली खाली ठेवली आणि पानावर बोट टेकवले. "माझीच. पण वयला लिवलेला तेव्हा नव्हता."

मॅडमनी खाली मान घातली. सुदेश आतून बाहेर आला. "वैनी, बर्फ व्हयो काय नको?"

"व्हयो."

"जेटी?"

"ती पण व्हयी."

"मगे भांडतंस कित्याक?"

दोन्ही गोष्टी तिला हव्याच होत्या. तिने एवढेच म्हटले, "पण माका कोणी इचारूक नाय." आणि टोपली उचलून निघून गेली. पायरीवर ओंकार उभा होता, पुळणीसमोर खोल्या भाड्याने देणारा. तो तिला म्हणाला, "आपण कोर्टात जावया वैनी, पुळण वाचवूक व्हयी." माझा त्याच्यावरही विश्वास बसला नाही. जेटीमुळे त्याच्या खिडकीतून समुद्र दिसणार नव्हता. किशोरीलाही बसला नसावा, कारण तिने मागे वळून पाहिले नाही.

जेटी उन्हाळ्यात पुरी झाली. फीत कापली गेली, फोटो निघाले. मग पाऊस आला, आणि पावसाने कुणाच्या ठरावाची वही वाचलेली नव्हती. दगडांच्या एका बाजूला समुद्राने रेती आणून ओतली, इतकी की जेटीचे टोक कोरड्या वाळूत उभे राहिले. दुसऱ्या बाजूची पुळण मात्र समुद्र ओढून घेऊन गेला आणि खालचे खडक उघडे पडले. नारळी पौर्णिमेनंतर वाडीने पहिली रापण टाकली. जाळे खडकाला अडकले आणि मधोमध फाटले. किशोरीच्या हातात दोर होता, नुसता दोर. त्याच्या टोकाला काहीही नव्हते. बर्फाचा कारखाना तयार होता, पण जेटीला होडीच लागेना, मग बर्फ घालायचा कशाला?

यातले बरेचसे मी ऐकून सांगते आहे. कपाटाला लटकलेल्याला समुद्र कुठला दिसणार? पण फाटलेले जाळे घेऊन दत्ताराम पंचायतीत आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी जाळे सुदेशच्या टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसले. आता त्यांचे वय ऐंशीच्या घरात.

"सुदेशा, थंय दरवर्षी रेती भरता, ह्या तुका ठावक नव्हता?"

"नाय काका. इंजिनीअर म्हणालो, जागा बरी आसा."

"तो उन्हाळ्यात इललो. आमका इचारला असतास, तर सांगला असता. उत्तरेक काळो खडप आसा ना, थंय पाणी बारमाही खोल. जेटी थंय व्हयी होती. रापणपण ऱ्हवली असती, जेटीपण झाली असती."

सुदेशने फाटलेल्या जाळ्याचा काठ हातात घेतला. मग म्हणाला, "माका वाटला, इचारला तर तुम्ही नको म्हणतलात."

"नको म्हणूक नाय," दत्ताराम म्हणाले. "जेटी खंय बांधूची, ता कळूक इचारतत."

मित्रांनो, मला तेव्हा त्या माणसाची दया आली. त्याने गावाचा नकार चुकवण्यासाठी खटाटोप केला आणि हातचा होकार घालवला.

पुन्हा दोन ऑक्टोबर आला. दारात वही, वरती कोरी जागा, शेजारी वड्यांची परात. पहिलीच आली किशोरी. तिने पेन घेतले, पान पाहिले आणि पेन खाली ठेवले.

"आधी लिवा. मगे वाचा. मगे सही."

"वैनी, ही नुसती हजेरी आहे," नम्रता मॅडम म्हणाल्या.

"गेल्या वर्साक पण हजेरीच होती, बाय."

तिच्यामागे रांग होती. कुणी तिला बाजूला हो म्हणेना. दत्ताराम काठी टेकत तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग मागून एक बाई म्हणाली, "माझीपण सही मगे." आणि बघता बघता सगळ्यांचीच सही 'मगे' झाली. वडे गार होऊन गेले.

त्या दिवशी ठराव आधी लिहिला, मोठ्याने वाचला, आणि मग भांडण जुंपले. चार तास. कुणाला दगड उचलून हवे होते, कुणाला काळ्या खडपापाशी नवी जेटी, कुणाला दोन्ही, आणि एका म्हाताऱ्याला गेल्या वर्षीचा वडा मिळाला नव्हता त्याचा जाब हवा होता. निर्णय काही झाला नाही. सुदेश उठून म्हणाला, "बगलास? गेला आणखी एक वर्स."

किशोरी जागेवरूनच म्हणाली, "जावंदे. गेल्या वर्साचा वाटोळा तू एकट्यान केलंस, ह्या आम्ही सगळे मिळान करूया. पण सुदारूचा झाला तर ता पण सगळ्यांनी."

लोक हसले. सुदेशही ओशाळून हसला. मग त्याने जुडग्यातून माझी किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. दत्तारामांनी जुनी रीत सांगितली. दप्तराची जबाबदारी कायद्याने ग्रामसेविकेची आहे, असे नम्रता मॅडम म्हणाल्या, आणि ते बरोबरच होते. म्हणून आता कपाटाला दोन कुलपे आहेत. एक मॅडमचे, चकचकीत, नवे. दुसरे मी. दोघांच्या किल्ल्या एकत्र आल्याशिवाय वही बाहेर येत नाही. माझी किल्ली दर दोन ऑक्टोबरला नव्या घरी जायची, असे ठरले आहे. माझा त्या नव्या कुलपावर विश्वास नाही, त्याच्या पाठीवर तर 'दहा' लिहिलेले आहे. त्याचाही माझ्यावर नसावा. आमचे बरे चालले आहे.

पहिली पाळी लोकांनी किशोरीला दिली. पुढच्या सभांत काळ्या खडपाचा ठराव झाला, वाचून, भांडून, सह्या करून. अर्ज वर गेला आहे. दगड मात्र अजून पुळणीवर तसेच पडून आहेत. रापण लागत नाही. किशोरी मालवणच्या लिलावात मासळी विकत घेते नि तीच बाजारात विकते, आणि संध्याकाळी तिच्या टोपलीत पूर्वीसारखे घरच्यासाठी काही उरत नाही. गावाची किल्ली तिच्या कमरेला आहे आणि हातात दोर नाही. चुकीचा ठराव लिहायला एक दुपार लागली होती. तो निस्तरायला किती वर्षे लागतील हे मला कोणी सांगू शकत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुलपांना तेल घाला, गंजू देऊ नका, हे तर खरेच. पण नुसत्या कुलपावर विसंबू नका. किल्ली कुणाकडे आहे, किती दिवस आहे, हे विचारायला लाजू नका. तो माणूस चांगला असेल तर जरा जास्तच विचारा, कारण चांगल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. आणि कोऱ्या पानाखाली सही करू नका, वडे कितीही गरम असोत.

किशोरी दर पंधरवड्याला मला कोंबडीच्या पिसाने खोबरेल लावते. हात हलका आहे तिचा. गेल्या खेपेला तेल लावता लावता ती स्वतःशीच म्हणाली, "ही किल्ली माझ्याकडेच ऱ्हवली तर बरी. दुसरो कोण इतकी काळजी घेतलो?" खरे आहे, कोणी घेणार नाही. ती या गावातली सगळ्यात प्रामाणिक बाई आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण येत्या दोन ऑक्टोबरला तिची मूठ किल्लीवर घट्ट राहिली, तर यावेळी मी उघडणार नाही. माझ्या पाच पट्ट्यांपैकी सगळ्यात आतल्या पट्टीवर तेल पोचत नाही. तिथे थोडा गंज मी राखून ठेवला आहे.